जुना पिकअप घेताय? आधी हौद्याकडे जा

जुना अमेरिकन पिकअप बघायला गेलेला नवखा माणूस हमखास पुढून सुरुवात करतो. आधी ग्रिल आणि हेडलाइट, मग बॉनेट उघडून इंजिन, मग केबिनमध्ये बसून स्टिअरिंगवर हात. हौद्याकडे, म्हणजे मागच्या माल भरायच्या उघड्या भागाकडे, तो सगळ्यात शेवटी येतो, आणि तोवर त्याचं मन गाडीत अडकलेलं असतं. इकडे अमेरिकेत आपले बरेच लोक आता पन्नास ते सत्तरच्या दशकातल्या पिकअपच्या शोधात असतात. त्यांतला कुणी ना कुणी मला विचारतोच, "स्टेपसाइड घेऊ की फ्लीटसाइड?" म्हणजे अरुंद हौद्याचा घेऊ की रुंद हौद्याचा? माझं पहिलं सांगणं ठरलेलं आहे: मागून सुरुवात करा.

कारण सरळ आहे. इंजिन बदलता येतं, सीट शिवून घेता येते, रंग पुन्हा मारता येतो. पण चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, किती लांब, माल काय आणि किती बसणार, गंज कुठे धरणार आणि उद्या विकताना काय भाव येणार, हे बरंचसं हौद्यावर ठरतं. शेवटी पिकअप म्हणजे हौदा वाहून नेणारी गाडी.

फोर्डने 1925 साली मॉडेल टी गाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती 281 डॉलरला विकायला काढली. त्याआधी बहुतेक शेतकरी चासी घ्यायचे आणि हौदा गावच्या सुताराकडून करून घ्यायचे. आपल्याला ही पद्धत अजिबात परकी नाही. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. आपल्याकडे ट्रकच्या चासीवर बॉडी बांधायचं काम तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं स्थानिक कारागिरांच्याच हातात राहिलं. म्हणूनच हौदा आणि फाळका (हौद्याची मागची, खाली पाडता येणारी भिंत) हे शब्द आपल्या जिभेवर आहेत. या लेखात मी तेच वापरतो.

पहिली पायरी: मागे उभे राहा आणि चाक शोधा

गाडीच्या मागे सात-आठ पावलांवर उभे राहा. मागचं चाक हौद्याच्या भिंतीच्या बाहेर आहे की आत, एवढंच बघायचं. बाकी सगळी नावं, सगळे वाद या एका प्रश्नातून निघतात.

चाक बाहेर असेल तर हौदा अरुंद, सरळ भिंतींचा, आतून चौकोनी पेटीसारखा. चाकावर वेगळं, फुगीर मडगार्ड बसवलेलं दिसेल. केबिन आणि त्या मडगार्डच्या मध्ये पाय ठेवायला पायरी असते. त्या पायरीवर उभं राहून बाजूनेच हौद्यात हात घालता येतो, पोतं उचलता येतं, दोरी बांधता येते. रुंद हौदा यायच्या आधी बहुतेक पिकअप असेच असायचे.

चाक आत असेल तर बाहेरची भिंत केबिनच्या रेषेत सरळ मागेपर्यंत जाते. हौदा रुंद होतो, पण आत दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे येतात आणि पायरी जाते. बुटक्या माणसाला बाजूने आत हात घालणं कठीण होतं. ही अडचण किरकोळ वाटते, पण रोज माल चढवणाऱ्याला विचारा.

दुसरी पायरी: नावांचा गोंधळ सोडवा

रुंद हौदा यायच्या आधी एकच प्रकार होता, त्यामुळे नावाची गरजच नव्हती. फोर्डने 1957 साली रुंद हौदा आणला आणि त्याला स्टाइलसाइड म्हटलं. जुन्या अरुंद प्रकाराला फ्लेअरसाइड. शेव्हरोलेने 1958 मध्ये फ्लीटसाइड आणला, अरुंद तो स्टेपसाइड. जीएमसी म्हणजे शेव्हरोलेचंच भावंड, पण त्यांची नावं वेगळी: रुंदला वाइडसाइड, अरुंदला फेंडरसाइड. डॉजचा रुंद तो स्वेप्टलाइन, अरुंद तो युटिलाइन. जीप ग्लॅडिएटर 1963 मध्ये आली, तिचा रुंद टाउनसाइड आणि अरुंद थ्रिफ्टसाइड. इंटरनॅशनलच्या रुंद हौद्याला बोनस-लोड म्हणायचे.

आता स्टेपसाइड हा शब्द लोक कुठल्याही कंपनीच्या अरुंद हौद्याला सर्रास वापरतात. बोलताना चालतं. सुटे भाग मागवताना मात्र कंपनीचं मूळ नावच सांगा, नाहीतर भलताच पत्रा घरी येईल.

डॉजच्या बाबतीत खास सावध राहा. स्वेप्टलाइन आणि स्वेप्टसाइड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिला 1959 पासूनचा साधा, भरपूर बनलेला रुंद हौदा. दुसरा 1957 ते 1959 एवढाच निघालेला, फार थोडा आणि फार महाग प्रकार. त्याच्याकडे पुढे येतो. जाहिरातीत एका शब्दाच्या फरकाने किंमत कुठल्या कुठे जाते. कधी हे विकणाऱ्याच्या अज्ञानातून होतं, कधी नसतंही.

तिसरी पायरी: टेप काढा

डोळ्यांवर विसंबू नका. आतली लांबी, आतली रुंदी आणि रुंद हौदा असेल तर दोन उंचवट्यांमधलं अंतर, ही तीन मापं कागदावर लिहा.

शेव्हरोले 3100 म्हणजे 1947 ते 1955 मधला तो गोलसर, सगळ्यांना आवडणारा अर्ध्या टनाचा, म्हणजे नावापुरता अर्धा टन माल उचलणारा, पिकअप. त्याचा हौदा आतून साधारण 78 इंच लांब आणि 50 इंच रुंद. 1958 चा छोटा फ्लीटसाइड लांबीला तेवढाच, पण रुंदीला 75 इंच. हिशोब केला तर अरुंद हौद्याचा तळ 27 चौरस फूट आणि रुंदचा 40 चौरस फुटांच्या थोडा वर. त्यातून चाकांचे उंचवटे वजा करायचे. खोकी, गाद्या, सुटं सामान न्यायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

पण प्लायवूडचा विचार करा. चार बाय आठचा ताव म्हणजे 48 इंच रुंद. पन्नास इंची अरुंद हौद्यात तो दोन्ही बाजूंना इंच-इंच जागा सोडून सपाट बसतो, कारण आत उंचवटेच नाहीत. रुंद हौद्यात तो दोन उंचवट्यांच्या मधून बसवावा लागतो, म्हणून तिथलं अंतर 48 च्या वर आहे ना, हे टेपने बघायचं. अरुंद हौदा नुसता शोभेचा आणि रुंद तेवढा कामाचा, असं सगळीकडे ऐकू येतं. मला ते पटत नाही. ताव, फळ्या, पाइप, पोती अशा मालाला अरुंद हौदा काहीच कमी पडत नाही.

लांबीचं गणित जास्त महत्त्वाचं. अर्ध्या टनाच्या गाड्यांमध्ये साडेसहा फुटी आणि आठ फुटी असे दोन हौदे प्रामुख्याने मिळतात. साडेसहा फुटीमध्ये प्लायवूडचा ताव दीड फूट बाहेर येतो आणि फाळका उघडा ठेवून न्यावा लागतो. आठ फुटीमध्ये फाळका बंद करता येतो. 1967 ते 1972 च्या शेव्हरोले सी-10 मध्ये छोट्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 115 इंच, लांब गाडीचं 127 इंच. हे बारा इंच लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत लागणार आहेत.

याच काळात शेव्हरोलेने जास्त वजन उचलणाऱ्या गाड्यांना लाँगहॉर्न नावाचा साडेआठ फुटी हौदा दिला होता. त्यात हौद्याच्या पुढच्या टोकाला सहा इंचांचा तुकडा जोडलेला असतो आणि सांधा उघड दिसतो. नवखा माणूस तो बघून गाडी ठोकलेली आहे असं समजतो. तो सांधा कारखान्याचाच आहे.

चौथी पायरी: तळाशी बसा

आता फाळका पाडा आणि त्यावर बसा. अरुंद हौद्याच्या फाळक्याला दोन्ही बाजूंना साखळ्या असतात, कडी आकड्यातून काढायची. लहानपणी मामांच्या टेम्पोचा फाळका पडताना जो खणखणाट व्हायचा, तोच आवाज. रुंद हौद्यांच्या फाळक्याला बहुधा आतून खटका असतो. साखळी ओढून बघा, बिजागरीत फाळका हलतो का बघा, आणि फाळक्याच्या मधोमध हात फिरवा. वर्षानुवर्षं जड वस्तू टेकवल्याने तो बाक धरतो.

मग तळ. लाकडी फळ्यांचा तळ दिसला तर लगेच घाबरू नका, त्या काळी ती सर्रास पद्धत होती आणि मला ती आजही शहाणपणाची वाटते. रचना नीट बघा. फळ्या लांबीच्या दिशेने घातलेल्या असतात, दोन फळ्यांच्या सांध्यावरून लोखंडी पट्टी जाते, आणि बोल्ट त्या सांध्यातून खाली आडव्या दांड्यांत उतरतो. म्हणजे बहुतेक ठिकाणी फळीला भोक पाडलेलंच नसतं, पट्टी तिला कडेने दाबून धरते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की त्याला सरकायला जागा राहते, उन्हाळ्यात आखडलं तरी चिरत नाही. वर खोकं सरकवताना ते लाकडावर घासत नाही, पट्ट्यांवरून घसरत जातं. पट्ट्या चकचकीत झालेल्या दिसल्या की गाडीने खरंच काम केलंय हे कळतं.

मी स्वतः पहिल्यांदा अशी फळी काढली, तेव्हा वरून ती अगदी ठणठणीत होती. बोल्टांवर गंज मारणारं तेल टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी पाना लावला, तीन सुटले, दोन तुटले. पट्टी उचलली आणि फळी उलटी केली तर आडव्या दांड्यावर टेकणारी जागा काळी पडून भिजलेल्या बिस्किटासारखी झाली होती. नखाने कोरली तरी निघत होती. तेव्हापासून वरून लाकूड बघून मी कधीच मत बनवत नाही. गाडीखाली सरपटून जायचं, टॉर्च मारायचा आणि प्रत्येक आडव्या दांड्यापाशी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं.

फळ्या बदलणं हे नवख्याला घरच्या घरी जमणारं काम आहे. शेव्हरोले आणि फोर्डसाठी मापात कापलेल्या फळ्या, पट्ट्या आणि बोल्टांचे पूर्ण संच तयार मिळतात. पाइन स्वस्त, ओक जड आणि टिकाऊ. कुठलंही घ्या, पण बसवण्याआधी फळीच्या सहाही बाजूंना वार्निश किंवा रंग द्या. लोक वरची बाजू आरशासारखी करतात आणि खालची कोरडीच ठेवतात. पाणी खालूनच येतं.

पत्र्याचा तळ असेल तर कामाला तो दणकट, धुवायलाही सोपा. पण त्यावर रबरी मॅट किंवा प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं असेल तर ते उचलून दाखवायला सांगा. विकणारा उचलू देत नसेल तर तिथून निघा.

पाचवी पायरी: गंजाचे अड्डे

दोन्ही प्रकारांचा गंज वेगळ्या ठिकाणी बसतो. बऱ्याच रुंद हौद्यांच्या भिंतीत दोन पत्रे असतात, मधल्या पोकळीत चिखल आणि इकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ अडकतं. चाकावरची कमान, तिच्या मागचा खालचा कोपरा आणि केबिनकडचा खालचा कोपरा, या तीन जागा आधी जातात. तिथे चुंबक फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. पातळ कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक न्या, रंगाला ओरखडा उमटत नाही.

अरुंद हौद्याची भिंत एकेरी असते, त्यामुळे गंज लपत नाही. त्याचे अड्डे म्हणजे पायरीचा खालचा भाग, मडगार्ड आणि हौद्याच्या भिंतीमधली फट, आणि मडगार्डचे बोल्ट. मोठा फायदा असा की मडगार्ड बोल्टवर बसतं. कुजलं तर सोडवून नवं लावता येतं. रुंद हौद्याची पूर्ण बाजू बदलायची तर वेल्डिंग, ताळमेळ, रंग असं सगळंच आलं.

सुट्या भागांबद्दल एवढंच: शेव्हरोले आणि फोर्डच्या हौद्यांचे नवे पत्रे सहज मिळतात. डॉज, इंटरनॅशनल, स्टुडबेकर यांना भंगारवाले धुंडाळावे लागतात. पहिलीच गाडी असेल तर हे मनावर घ्या.

सहावी पायरी: हौदा याच गाडीचा आहे का?

छोट्या हौद्याच्या गाडीला लांब हौद्याच्या गाडीपेक्षा बाजारात बराच जास्त भाव येतो. त्यामुळे लांब चासी कापून छोटी करण्याचा उद्योग चांगलाच चालतो. नीट केलेलं काम वाईट नसतं, पण ते सांगून विकलं पाहिजे.

एकदा एका मित्रासोबत मी अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. जाहिरातीत मूळ छोटा हौदा म्हणून लिहिलेलं. वरून सगळं सुंदर. मी खाली झोपलो आणि चासीच्या दांड्यावर पुढून मागे बोट फिरवत गेलो. जाड काळ्या रंगाखाली एके ठिकाणी बोटाला मुंगीच्या वारुळासारखी खरखर लागली, दांड्याला आडवी. दुसऱ्या बाजूच्या दांड्यावर अगदी त्याच अंतरावर तशीच. वेल्डिंग होतं. बारा इंच तिथे गेले होते. मित्राने गाडी घेतली नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं, कारण जो ही गोष्ट बोलला नाही त्याने आणखी काय लपवलं असेल कोण जाणे.

तुम्हीही हेच करा. चासीवर बोट फिरवा, चाकांमधलं अंतर टेपने मोजा. शेव्हरोलेच्या सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावर कारखान्याचा कागद चिकटवलेला असतो. 1973 ते 1987 च्या चौकोनी गाड्यांच्या त्या कागदावर ई62 म्हणजे स्टेपसाइड, ई63 म्हणजे फ्लीटसाइड. कागद एक सांगतो आणि मागे दुसराच हौदा असेल तर किंमत त्या हिशोबाने बोला.

हौदा बदललेला असणं हा गुन्हा नाही. 1967 ते 1972 च्या शेव्हरोलेमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते, त्यामुळे हौदा बदलताना टाकीच्या तोंडाची कटकट येत नाही. रुंद काढून अरुंद बसवलेल्या बऱ्याच गाड्या याच काळातल्या दिसतात त्याचं हे एक कारण.

काही हौदे वेगळेच

या नेहमीच्या दोन प्रकारांपलीकडे काही हौदे असे आहेत की एकदा बघितले की माणूस विसरत नाही. नवख्याने ते ओळखायला शिकावं, विकत नाही घेतले तरी.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे शेव्हरोलेचा कॅमिओ कॅरिअर, 1955 ते 1958. तरुण डिझायनर चक जॉर्डन यांची ही कल्पना. बाहेरून पूर्ण सपाट, रुंद, मोटारीसारखा दिसणारा हौदा. पण आत वाकून बघितलं तर नेहमीचाच अरुंद लोखंडी हौदा! त्याच्या बाहेरून फायबरग्लासचे पत्रे चढवलेले आहेत. त्यामुळे इथे चुंबकाची परीक्षा उलटी होते: बाहेरच्या भिंतीला चुंबक चिकटला तर शंका घ्यायची. स्टेपनी मागच्या बंपरच्या मधल्या झाकणामागे लपवलेली असते. आणि आपल्याला जवळची गोष्ट अशी की 1955 सालचा कॅमिओ ज्या पांढुरक्या रंगात यायचा त्याचं नाव होतं बॉम्बे आयव्हरी. कॅमिओ महाग होता, काम अरुंद हौद्याएवढंच करायचा, आणि 1958 मध्ये खरा पोलादी फ्लीटसाइड आल्यावर त्याची गरज संपली. पण पिकअप देखणा असू शकतो, हे लोकांना त्यानेच दाखवलं.

डॉजने त्याला उत्तर म्हणून स्वेप्टसाइड काढला. स्वतःच्याच दोन दारी स्टेशन वॅगनच्या मागच्या बाजू, शेपटीच्या पंखांसकट, पिकअपच्या हौद्याला लावल्या. नवे साचे करायचा खर्च वाचला आणि गाडी मात्र विमानासारखी दिसायला लागली.

स्टुडबेकरच्या चॅम्पची गोष्ट मला चटका लावते. कंपनीकडे पैसा नव्हता. 1961 मध्ये त्यांनी रुंद हौद्यासाठी डॉजचे स्वेप्टलाइनचे साचे घेतले आणि स्पेससाइड नावाने विकले. केबिन अरुंद, हौदा रुंद, दोघांच्या रेषा जुळतच नाहीत. मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या मुलासारखी ती गाडी दिसते, आणि तरी तिने प्रामाणिक काम केलं.

फोर्डचा 1961 ते 1963 चा एकसंध पिकअप मात्र नीट समजून घ्या, कारण तो आजही बाजारात दिसतो. यात केबिन आणि हौदा यांच्यात फटच नाही; केबिनची मागची भिंत तीच हौद्याची पुढची भिंत. पत्रा वाचला, जोडणी सोपी झाली, पाणी-चिखल साचायची फट गेली. पण पिकअपची चासी वजनाखाली आणि खडबडीत रस्त्यावर पिळवटते. केबिन आणि हौदा वेगळे असले की तो पीळ मधल्या फटीत जिरतो. एकसंध गाडीत तो थेट दाराच्या चौकटीवर यायचा. जास्त माल भरला की दारं अडकायची किंवा नीट लागायची नाहीत, अशी तक्रार झाली. 1962 च्या मध्यातच फोर्डने वेगळा हौदा पुन्हा देऊ केला, पण नवे साचे नव्हते म्हणून 1957 ते 1960 च्या गाडीचा जुना हौदा नव्या केबिनमागे बसवला. रेषा जुळत नाहीत म्हणून लोक तिला चुकीच्या हौद्याची गाडी म्हणतात. कुणी ती बघून हौदा बदललाय म्हणाला, तर तुम्हाला उत्तर माहीत असेल. एकसंध फोर्ड घ्यायचाच असेल तर दोन्ही दारं दहा वेळा उघडून-लावून बघा आणि खिडकीमागच्या कोपऱ्यांत पत्रा तडकलाय का ते टॉर्चने तपासा.

शेव्हरोलेचा कॉर्व्हेअर रॅम्पसाइड, 1961 ते 1964, याच्या हौद्याची बाजूची भिंतच खाली पडून माल चढवायचा उतार होते. इंजिन मागे असल्याने तळ मात्र मागच्या बाजूला उंच होतो.

मग घ्यायचं काय?

पहिली गाडी असेल, गॅरेज साधं असेल आणि हाताने काम करायची हौस असेल, तर मी शेव्हरोले किंवा फोर्डचा अरुंद हौदा सुचवतो. बोल्ट सोडवले की सगळं सुटं होतं, गंज लपत नाही, फळ्या घालताना गाडी समजत जाते. घरात मुलं असतील तर त्या पायरीवर ती आपोआप चढतात, त्यांना हौद्यात काय आहे ते दिसतं. ही गोष्ट मी किमतीत धरतो. घर बदलायचं, बागेची माती आणायची, जुनं फर्निचर हलवायचं असा खरा वापर असेल तर आठ फुटी रुंद हौदा घ्या. लांब हौद्याला मागणी कमी, त्यामुळे त्याच पैशात जास्त चांगल्या अवस्थेतली गाडी मिळते. छोटा रुंद हौदा दिसायला सर्वांत डौलदार आणि सर्वांत महाग. त्यासाठी थांबायची तयारी ठेवा.

गाडी बघायला जाताना टेप, टॉर्च, कापडात गुंडाळलेला चुंबक, स्क्रू-ड्रायव्हर आणि खाली झोपायला जुनी सतरंजी, एवढं बरोबर घ्या. आणि जमलं तर पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा. बाकीची गाडी वाळलेली असते, पण हौद्यात जिथे पाणी साचून राहतं ती जागा अजून ओली असते. तिथेच आधी खाली वाका.